उपडा ग्लास

फुमिएकाकूंचा फोन आला तेव्हा मिनोरी वाचनालयात परत आलेली पुस्तकं मांडणीत लावत होती. काकू फोनवर लांबण लावत नसत. म्हणाल्या, शनिवारी अमावास्या आहे. तुम्ही तिघं जिथे बसायचात तिथे मला घेऊन चला. त्या रात्री तो जे खाऊन गेला ते मला खायचंय, त्याच क्रमानं.

मिनोरी बरं म्हणाली. फोन ठेवला. हातातलं पुस्तक तिनं भलत्याच मांडणीत खोचलं, हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं.

काकूंचा मुलगा गेन्ता गेल्या वसंतात समुद्रात उतरला आणि परत आला नाही. त्याला वर्ष होऊन गेलं होतं. देह मिळाला नव्हता. गावात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि काकू तर भेटेल त्याला सांगत, की गेन्ता त्या रात्री थेंबही न घेता पाण्यात गेला. बापासारखं त्याचं नव्हतं. समुद्रानं नेलं, त्याला कोण काय करणार.

गेन्ता त्या रात्री बिअर प्यायला होता. तीन ग्लास. ओतली होती मिनोरीनं. हे जगात तिला एकटीला माहीत होतं.

गेन्ता बर्फखान्यात कामाला होता. बंदराच्या टोकाला निळ्या पत्र्याची इमारत आहे, ती. रात्री एकला त्याची पाळी लागायची. मिठाच्या पाण्याच्या टाक्यांत लांबट डबे बुडवलेले असत, आणि दोन दिवसांनी त्यांतून कमरेएवढ्या लाद्या निघत. त्या यंत्रात घालायच्या, चुरा करायचा, जाड नळीतून होडीच्या पोटात सोडायचा. तीनच्या आत होड्या बाहेर पडल्या पाहिजेत. बर्फ नाही तर मासळी नाही. या कामाबद्दल गावात कुणी त्याला कधी शाबासकी दिली नाही, आणि त्यालाही ती नको होती. घमेंड त्याला एकाच गोष्टीची होती. लादी काचेसारखी आरपार निघाली पाहिजे. त्यासाठी गोठणाऱ्या पाण्यात हवा सोडून ते हलतं ठेवावं लागतं, नाहीतर मधोमध पांढरा गाभा धरतो. पांढरा गाभा दिसला की तो म्हणायचा, इथे कुणीतरी डुलकी काढली.

बापही याच बर्फखान्यात होता. तो प्यायचा. चव्वेचाळिसाव्या वर्षी यकृत गेलं, तेव्हा गेन्ता शाळेच्या शेवटच्या वर्षात होता. शाळा संपवून तो बापाच्याच जागी लागला. आईनं एकदाच विचारलं, दुसरं काही करावंसं वाटत नाही का? तो म्हणाला, मला गार बरं वाटतं.

त्याचे हात बारा महिने गार असत. मागून येऊन मानेवर ठेवायची खोड होती त्याला. मिनोरी किंचाळायची, कोहेई शिव्या द्यायचा. कोहेई म्हणजे त्यांचा तिसरा. होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा आणि दिवसभर तोंड चालवायचा. तिघं पहिलीपासून एका वर्गात. मिनोरी साहित्य शिकायला शहरात गेली, चार वर्षांनी परत आली आणि गावच्या वाचनालयात लागली, दर वर्षी नव्यानं करार करून. गेन्तानं शाळेनंतर पुस्तक उघडलं नाही. पण ती काय वाचते ते तो विचारायचा आणि नीट ऐकून घ्यायचा. गोष्ट संपली तरी विचारायचा, मग पुढे? पुढे काही नाही, गोष्ट संपली, असं ती सांगायची. त्याला ते पटायचं नाही.

महिन्यातून दोनदा, रात्री अकराच्या सुमाराला, तिघं ताइशोकडे जमायचे. ताइशो म्हणजे सेनापती. सुशीवाल्याला तिथे असंच म्हणतात. बंदरामागच्या गल्लीत त्याचं दुकान. आठ माणसं बसतील एवढी लाकडी फळी, पलीकडे ताइशो, त्याच्यामागे कुरकुरणारा जुना फ्रीज. दुकान एकपर्यंत उघडं, कारण गिऱ्हाईक सगळं बंदरावरचं, आणि त्यांचा दिवस मध्यरात्रीनंतरच उजाडतो. ताइशो गेन्ताच्या बापाचा दोस्त होता. पोरांना वाढताना तो हात आखडता घेत नसे, फक्त बोलून घेई.

गेन्ता अंड्याची सुशी सगळ्यांत आधी मागायचा. ती शेवटी खायची असते. ताइशो दर वेळी म्हणायचा, कुक्कुलं बाळ आलं. ट्यूना त्यानं आयुष्यात खाल्ला नाही. लांबच्या बंदरातून येतो, परक्या बर्फातला मासा, म्हणायचा. बिअर एकच ग्लास. त्याला पटकन झोप यायची. चेहऱ्यावर काही दिसायचं नाही, नुसत्या जांभया सुरू व्हायच्या.

आणि ज्या रात्री पाण्यात उतरायचं असेल त्या रात्री तोही नाही.

त्या खाडीत वसंतात बोटाएवढी माकुलं, स्क्विडची एक जात, येतात. अंगावर निळे दिवे असतात, म्हणून त्यांना काजवी माकुलं म्हणतात. अमावास्येच्या रात्री ती वाट चुकल्यासारखी झुंडीनं किनाऱ्यावर येऊन आपटतात. सगळा गाव मग कपाळाला दिवा बांधून, छातीपर्यंत रबरी विजार चढवून, लांब दांड्याच्या जाळ्या घेऊन पाण्यात उभा राहतो. गेन्ता दर साल पाळी बदलून घेऊन जायचा. जाणार असला की ताइशोकडे बसल्याबसल्या आपला छोटा ग्लास फळीवर उपडा घालायचा.

हे तिथे कुणी करत नाही. ग्लास दुसऱ्याचा आपण भरायचा, आपला दुसऱ्यानं. स्वतःचा स्वतः भरून घेणाऱ्याला कुणी नाही असं समजतात. रिकामा ग्लास दिसला की हात आपसूक बाटलीकडे जातो. नको असेल तर माणूस ग्लास भरलेलाच ठेवतो, म्हणजे नाही म्हणावं लागत नाही. गेन्ता म्हणायचा, भरलेला समोर दिसला की मी पिणार, मला माहितेय. बघून बघून ताइशोलाही सवय झाली. गेन्ताचा ग्लास उपडा दिसला की तो विचारायचा, आज निळं दिसणार का रे?

त्या रात्रीही ग्लास उपडा होता.

मिनोरीला त्या दुपारी कळलं होतं की वाचनालयानं तिला कायम केलं. पाच वर्षं दर मार्चमध्ये तिनं श्वास रोखून काढली होती. कोहेईचं एक इंजिन अडलं होतं, तो उशिरा येणार होता. ताइशो मागच्या बाजूला माकुलं उकडत होता. फळीवर दोघंच. तिनं मोठी बाटली मागवली होती. गेन्तानं तिचा ग्लास भरला आणि स्वतः शेजारचा पाण्याचा पेला उचलला.

"पाण्यानं?" ती म्हणाली. "पाण्याचा पेला कोण उचलतं माहितेय ना? ज्यांची पुन्हा भेट नाही अशी माणसं, निरोप घेताना."

"आजीबाई झालीस तू," गेन्ता म्हणाला. पेला ओठाला लागला होता.

तिनं तो त्याच्या हातातून काढून घेतला. उपडा ग्लास सुलटा केला आणि काठोकाठ भरला. म्हणाली, कायम झालेय मी, आज अपशकुन नको. त्यानं ग्लासाला ग्लास भिडवला आणि एका दमात संपवला. तिनं दुसरा भरला, कारण तो रिकामा होता. तिसरा भरला, कारण बाटलीच्या तळाशी तेवढंच उरलं होतं. तो मग हसला, आणि ताइशो यायच्या आत ग्लास परत उपडा घातला. खालून ओघळ आला तो त्यानं बाहीनं पुसला.

कोहेई आला तेव्हा गेन्ता जांभया देत होता. कोहेई म्हणाला, बर्फ वितळला वाटतं. सगळे हसले. साडेबाराला तिघं बाहेर पडले. वळणावर कोहेई आपल्या वाटेनं गेल्यावर गेन्तानं तिच्या मानेवर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाला, "कायम." मग म्हणाला, निळं दिसलं की फोन करतो.

फोन उशाशी ठेवून ती झोपली. सकाळी तो वाजला तेव्हा कोहेईचा होता.

अंधारात सगळे दिवे सारखेच, त्याला पाण्यात कुणी ओळखलं नव्हतं. वाळूवर बादली सापडली, अर्धी भरलेली. दुपारी कपाळाचा दिवा लाटांनी आणून टाकला. चार दिवस होड्या फिरल्या. पोलिसांनी दुकानात येऊन विचारलं, प्यायला होता का? ताइशो म्हणाला, ग्लास उपडा होता, मी डोळ्यांनी पाहिला. पोलिसांनी कोहेईकडे पाहिलं. कोहेई म्हणाला, उपडाच होता. मग मिनोरीकडे पाहिलं. तिनं मान हलवली. हो की नाही, ते त्या मान हलवण्यात नीटसं नव्हतंच. पोलिसानं हो लिहून घेतलं.

त्या होकारावर काकूंनी वर्ष काढलं.

पुढे कोळ्यांच्या संघानं किनाऱ्यावर पाटी लावली, दारू पिऊन पाण्यात उतरू नये. त्या पाटीपाशी उभ्या राहून काकू लोकांना सांगत, हे इतरांसाठी आहे. काकू माशांच्या वड्यांच्या कारखान्यात होत्या. सकाळी चारला उठत, दुपारी दोनला घरी येत. खाडीतलं काही खाईनाशा झाल्या. रोज संध्याकाळी गेन्ताच्या वाडग्यात गरम भात वाढून त्यावर लाकडी झाकण ठेवत आणि वाडगा त्याच्या जागेवर मांडत. घरचं माणूस लांब गेलं, त्याची खबर नसली, की असं पान मांडायची रीत आहे. जेवणं झाल्यावर झाकण उचलून बघायचं. आत पाण्याचे थेंब जमलेले असले की माणूस आहे, कुठेतरी आहे. कोहेई मिनोरीला एकदा म्हणाला होता, गरम भाताला वाफ धरणारच, त्याला काय होतंय. पण काकूंसमोर तो असलं बोलत नसे.

माणूस मेला आणि त्याची तिरडी निघाली की त्याचा वाडगा उंबऱ्यावर फोडतात. मग तो जेवायच्या ओढीनं मागे फिरत नाही. गेन्ताची तिरडी निघाली नव्हती.

मिनोरी दर रविवारी काकूंकडे जायची. मुळे किसून द्यायची, खिडक्या पुसायची, औषधं आणायची. दर रविवारी ठरवून जायची की आज सांगायचं. काकू झाकण उचलायच्या आणि म्हणायच्या, बघ, आहेत थेंब. ती बघायची. हो म्हणायची.

तिला तो दिसायचा असं नाही. पण आंघोळीच्या गरम पाण्यात बसली तरी मानेचा एक पट्टा गार राहायचा. वाचनालय बंद करताना शेवटचा दिवा घालवला की पाठीमागे कुणीतरी थांबल्यासारखं वाटायचं, आणि तिला माहीत असायचं की तो काय विचारणार. मग पुढे?

फेब्रुवारीत एका संध्याकाळी झाकण कोरडं निघालं. भात गरम होता. काकूंनी ते उलटसुलट करून पाहिलं, बोट फिरवलं.  दुसऱ्या दिवशी सुट्टी काढून कोर्टात चौकशी करून आल्या. समुद्रात गेलेल्या माणसाचं वर्षभर काही कळलं नाही तर त्याला मेलेला धरतात. अर्ज करावा लागतो. त्यांनी तो आणला.

शनिवारी रात्री अकराला काकू, मिनोरी आणि कोहेई दुकानात पोचले. ताइशोनं दारावरचा पडदा आधीच आत घेऊन ठेवला होता. आज दुकान यांच्यापुरतंच. काकूंनी राखाडी स्वेटर घातला होता आणि केसांना पिन लावली होती. त्या गेन्ताच्या जागेवर बसल्या. डावीकडे मिनोरी, उजवीकडे कोहेई.

ताइशोनं एक छोटा ग्लास आणला आणि काकूंपुढे उपडा ठेवला. कुणी सांगितलं नव्हतं. काकूंनी त्याच्या बुडावर बोट टेकवलं.

"असाच ना?"

"असाच, वहिनी," ताइशो म्हणाला.

कोहेईनं मान हलवली. मिनोरी आपल्या हातांकडे बघत राहिली. आता आपल्यालाही विचारतील असं तिला वाटलं, पण कुणी विचारलं नाही. ताइशोनं अंड्याची सुशी ठेवली.

"अंडं आधी?" काकूंनी विचारलं.

ताइशो म्हणाला, दहा वर्षं सांगितलं त्याला, ऐकलं नाही. काकू म्हणाल्या, लहान होता तेव्हाही गोड आधी खायचा. नंतर भूक उरली नाही तर काय, म्हणायचा. त्यांनी ती हातानं उचलून खाल्ली. मग समुद्री शेवाळाच्या पट्ट्यांत दाबून मुरवलेला लेपा मासा आला. मग पांढरी कोळंबी, नखाएवढी, भातावर ढिगानं रचलेली. काकू प्रत्येक घास संपवत आणि पुढचा येईपर्यंत हात मांडीवर ठेवून वाट बघत. देवळात बसावं तशा. कोहेईनं दोनचार गोष्टी सांगितल्या. गेन्तानं एकदा त्याच्या गाडीच्या सीटवर लादी ठेवली होती आणि पट्टाही बांधला होता. काकू हसल्या. ही गोष्ट त्यांना माहीत नव्हती. म्हणाल्या, बघा, आई असून मला कुणी काही सांगत नाही.

मिनोरीच्या समोरची बिअर कोहेईनं भरली होती. ती तशीच होती. फेस बसून गेला होता.

मग माकुलं आली. उकडलेली, प्रत्येक घासावर तीन, शेवाळाच्या बारीक पट्टीनं बांधलेली. डोळे ताइशोनं चिमट्यानं काढलेले. काकूंनी ती बघितली. वर्षभर त्यांनी खाडीतलं काही तोंडात घातलं नव्हतं. आत्ताची कोळंबी तेवढी त्यांनी त्याच्यासाठी गिळली होती. ताइशो हळूच म्हणाला, वहिनी, हे सोडू या.

"त्यानं खाल्लं ना त्या रात्री?"

"खाल्लं."

काकूंनी खाल्लं. बराच वेळ चावत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "गोड आहे." अशा काही म्हणाल्या की कोहेईनं तोंड फिरवलं.

बांगडा झाला. काकडीची गुंडाळी झाली. ताइशोनं चहा ठेवला. काकूंनी पिशवीतून एक मोठा लिफाफा काढला आणि फळीवर ठेवायच्या आधी फळी रुमालानं पुसली. सोमवारी अर्ज देणार होत्या. आत त्यांनी लिहिलेला कागद होता, शेवटचं कधी पाहिलं, कसा होता. त्यांनी तो वाचून दाखवला. अक्षर शाळकरी होतं, वाचताना त्या प्रत्येक शब्दावर थांबत होत्या. दारू घेतलेली नव्हती, पूर्ण शुद्धीत होता, असं त्यात लिहिलं होतं.

"इथे साक्षीला नाव लागतं," काकू म्हणाल्या. "तुझं घालते, मिनोरी. शेवटी तूच पाहिलंस त्याला. वळणावर."

त्यांनी पेनही आणलं होतं. टोपण काढून तिच्यापुढे ठेवलं.

मिनोरीनं पेन उचललं नाही. हात लांब केला, काकूंपुढचा ग्लास धरला आणि सुलटा केला. काचेवर काच लागल्यासारखा बारीक आवाज आला, तिचीच अंगठी लागली असेल.

"काकू, हा असा होता. मी सुलटा केला. मी भरला. तीनदा."

फ्रीज कुरकुरत होता. ताइशोच्या हातातलं फडकं थांबलं.

"जांभया," कोहेई म्हणाला. एवढंच म्हणाला आणि डोळे मिटून घेतले.

काकूंनी कागदाची घडी केली. घाई नव्हती. "त्यानं मागितली?"

"नाही."

"मग?"

मिनोरीनं सांगितलं. कायम झाल्याचं, पाण्याच्या पेल्याचं, अपशकुन नको म्हटल्याचं. सांगताना तिला ऐकू आलं की ही तर गोष्ट झाली, सुरुवात आहे, मध्य आहे. म्हणून मधेच थांबली. मग म्हणाली, पोलिसांना मी सांगितलं नाही. तुम्हालाही नाही.

"तीन ग्लासांनी माणूस बुडतो का हो?" ताइशो कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाला.  मिनोरीनं हा प्रश्न वर्षभर रोज विचारला होता. कधी उत्तर हो यायचं, कधी नाही. दोन्हींनी सारखंच व्हायचं.

"वर्षभर यायचीस," काकू म्हणाल्या. "मुळे किसायचीस. मी बाहेरच्यांना सांगत असायचे, थेंब घेतला नाही त्यानं, आणि तू शेजारी बसून किसत असायचीस."

"हो."

"मला वाटायचं, पोरीचा जीव होता त्याच्यावर."

"होता."

"असेल," काकू म्हणाल्या.

त्यांनी रिकाम्या ग्लासाकडे पाहिलं. मग विचारलं, "पाणी त्यानं उचललं होतं म्हणालीस."

"हो."

"प्यायला?"

मिनोरीनं डोळ्यांपुढे आणलं. हे तिला वर्षभरात कधी आठवलं नव्हतं. तिला नेहमी बाटली आठवायची. पेला त्याच्या ओठाला लागला होता. गळ्याची घाटी एकदा वर जाऊन खाली आली होती.

"एक घोट," ती म्हणाली. "मी काढून घ्यायच्या आधी. एक घोट गेला होता."

काकूंनी फळीवरचा लिफाफा बाजूला केला. मग ग्लास ताइशोपुढे सरकवला.

"पाणी द्या. यात."

"वहिनी—"

"द्या म्हणते ना."

ताइशोनं नुसतं नळाचं पाणी दिलं नाही. मागे जाऊन बर्फखान्याच्या लादीचा एक तुकडा आणला, ग्लासात टाकला, वरून पाणी ओतलं. तुकडा आरपार होता. पाणी पडल्यावर दिसेनासा झाला, नुसती काच धुरकटली. काकूंनी ग्लास दोन्ही हातांनी धरला. एक घोट घेतला. मग तो मिनोरीपुढे ठेवला.

"घे. त्याच्या निरोपाचा घोट राहिलाय तुझा."

मिनोरी प्यायली. इतकं गार होतं की दात दुखले. मानेमागे काहीतरी टेकलं, दोन्हीकडून, सपाट. ती वळली नाही. काकू तिच्याकडेच बघत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर काही बदललं नाही, तेव्हा मागे कुणी नसणार.

काकूंनी लिफाफा पिशवीत ठेवला. साक्षीची जागा कोरीच होती. कागद परत लिहीन म्हणाल्या, जसं झालं तसं. ताइशोला दोन्ही हात मांडीवर ठेवून वाकून नमस्कार केला. कोहेई घरी सोडतो म्हणाला, त्याला नको म्हणाल्या. दारापाशी चपला घालताना, पाठमोऱ्या, म्हणाल्या, "उद्या रविवार. खिडक्या पुसायला येऊ नकोस."

"बरं."

"वाडगा फोडायचाय. त्याला ये."

"मी?"

"तू."

आणि त्या गेल्या.

कोहेई आणि मिनोरी वळणापर्यंत बरोबर चालले. समुद्राच्या बाजूला कपाळावरचे दिवे हलत होते, पन्नासएक तरी. त्यांच्या पायाशी काळ्या पाण्यात निळं काहीतरी उजळत होतं आणि विझत होतं. कोहेई म्हणाला, मी त्या जांभयांवर हसलो होतो. मग म्हणाला, तू मला तरी सांगायचं होतंस. तिनं मान हलवली. वळणावर दोघं वेगळे झाले. त्यानं हात वर केला नाही, तिनंही नाही.

सकाळी आठला ती काकूंच्या दारात उभी होती. काकूंनी एप्रन बांधला होता. उंबऱ्याबाहेरचा दगड झाडून ठेवला होता. वाडगा निळ्या रेघांचा, काठाला एक टवका गेलेला. आत भात नव्हता. झाकण नव्हतं. धुऊन पुसून त्यांनी तो तिच्या हातात दिला आणि एक पाऊल मागे सरल्या. रस्त्यावर शेजारच्या आजोबांनी सायकल थांबवली, टोपी काढली आणि उभे राहिले.

मिनोरीनं वाडगा डोक्याइतका उंच नेला आणि सोडला.

तो दगडावर आपटला, उसळला, कडेवर गोल फिरत फिरत फुलांच्या कुंडीपाशी जाऊन थांबला. फुटला नाही.

काकू पुढे झाल्या. वाकून त्यांनी तो उचलला. माती लागली होती ती एप्रनला पुसली. आणि परत तिच्या हातात दिला.